कोतवालाची नोंद

मुखेडजवळच्या आपल्या वनशेतीत दिसेल त्या झाडाची, पाखराची प्राध्यापक मृण्मयी वहीत नोंद करायची आणि आवाज फोनवर टिपायची. शेताची राखण सिंधू करायची. सिंधूची सासू गेल्या उन्हाळ्यात तिथल्याच विहिरीत पडून वारली होती.

त्या सकाळी बाभळीवर एक कोतवाल बसला होता. हा पक्षी नकला करतो, हे मृण्मयीला ठाऊक होतं. पण तो चक्क म्हाताऱ्या बाईच्या आवाजात बोलला.

“सिंधे, वरून काय बघून राहिलीस? दोर टाक.”

मृण्मयीने सिंधूला बोलावून फोनवर ते ऐकवलं. सिंधूच्या हातातलं खुरपं गळून पडलं.

“आत्याबाईच हाय,” ती पुटपुटली. “पर मी तर त्या दिवशी बाजाराला गेले व्हते, बाई. आले तवा समदं संपलं व्हतं.”

मृण्मयीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ थरथरत होती.

बाभळीवरचा कोतवाल पुन्हा तेच बोलला. समोरच्या लिंबावरून दुसऱ्या कोतवालाने लगेच उत्तर दिलं, हुबेहूब सिंधूच्या आवाजात.

“वरडा की आत्याबाई. घसा बसंस्तोवर वरडा. मी हाय इथंच.”

सिंधूचे ओठ घट्ट मिटलेले होते. मृण्मयीच्या हाताखाली तिची पाठ थरथरायची थांबली.