जवळचं माणूस

रुग्णालयाच्या खिडकीवरचा कारकून संगणकात नवी नोंद मुळापासून भरायचाच नाही. रुग्णाच्या घरच्यांची जुनी उचलायची, नाव बदलायचं, झालं. एका आजींची नोंद त्यानं त्यांच्या वारलेल्या यजमानांवरून उतरवली आणि ‘मयत’ शेरा तसाच राहिला. उद्या आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि संगणक मेलेल्याला खाट देईना, जिवंतही करीना. “मी भूत दिसते का रे?” आजी म्हणाल्या. खजील होऊन त्यानं दुसरी नोंद जिवंत माणसावरून उतरवली, स्वतःवरूनच. नाव, वय, पत्ता बदलून कागद छापला. आजींनी तो नाकाला लावून वाचला. “‘जवळचं माणूस’ इथं ही कोण बाई?” “माझी बायको! थांबा, खोडतो.” “खोडून तिथं कुणाला घालशील? मला कुणी नाही.” त्यानं घरी फोन लावला. “अगं, तुला आणखी एक सासू मिळालीय, उद्या ऑपरेशन आहे.” “एक पुरत नव्हती? बरं, किती वाजता येऊ?”