बत्तिसावा शुक्रवार

तक्ता क्रमांक दोनवर आल्यावर धम्मपालचा चहा गार झाला. ‘बोंबलाची सरासरी लांबी, चौक गाव, अडतीस शुक्रवार, सप्टेंबर १९८९ ते मे १९९०.’ एकेक आकडा ओळखीचा होता. नसता तरच नवल. पाच वर्षांपूर्वी ते बोंबील त्यानंच फूटपट्टीनं मोजले होते, दर शुक्रवारी पन्नास. त्या आकड्यांवर त्याला एम.फिल. मिळालं आणि एम.फिल.वर कॉलेजातली नोकरी कायम झाली.

लेख एका संशोधन पत्रिकेनं त्याच्याकडे तपासायला पाठवला होता. लेखक कोण हे तपासणाऱ्याला कळू नये आणि तपासणारा कोण हे लेखकाला, असा रिवाज. म्हणून संपादकांनी लेखकाचं नाव काळ्या शाईनं खोडलं होतं. धम्मपालला कागद ट्यूबलाइटसमोर धरायची गरज पडली नाही. दर परिच्छेद ‘इट इज वर्थ नोटिंग’नं सुरू होत होता. असं लिहिणारा माणूस त्याच्या माहितीत एकच होता, त्याचे गाइड दशरथ सर. सर त्या वर्षात चौकला एकदाच आले होते, तेही घरी न्यायला ताजे बोंबील मिळतात म्हणून.

“म्हणजे तुमचंच उचललं आणि तुमच्याकडेच तपासायला आलं?” त्याच्या बायकोनं, पंचशीलानं विचारलं.

“संपादकांना काय माहीत? बोंबलावर काम केलेला माणूस शोधला असेल. मी सापडलो.”

“मग लिहून टाका ना, हे माझं आहे म्हणून.”

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. सर सरळ म्हणतील, आकडे माझेच, विद्यार्थ्याला वापरायला दिले होते. सरांच्या शब्दापुढे याचा शब्द कोण ऐकणार? साक्षीदार पाहिजे होता. रविवारी सकाळी धम्मपाल इंद्रलोकमधल्या आपल्या घरातून निघाला आणि उत्तनची बस धरून चौकला गेला.

मार्थामावशी किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिच्याच टोपलीतले बोंबील तो मोजायचा. तिनं त्याला लांबूनच ओळखलं.

“मासं मोजनारा मास्तर ना तू? लग्न झालं का न्हाय?”

“झालं. मावशी, मी दर शुक्रवारी यायचो, हे कुणी विचारलं तर सांगशील?”

“सांगन की. भर उन्हात पट्टी घेऊन बसायचास. गाव हसायचं तुला.” तिनं दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून बांबूवर टाकले. “एकदाच न्हाय आलास. गुड फ्रायडेला. बरं केलंस, त्या दिवशी इथं होडीच न्हाय जात.”

धम्मपाल वाळूत बसला.

तेरा एप्रिल १९९०. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, तीही शताब्दी वर्षाची. वस्तीत पताका लावायला हाच पुढे. चौकला जायचं राहून गेलं. घरी आल्यावर त्यानं वही उघडली. आधीच्या शुक्रवारचा आकडा होता १९.१. तेराची जागा त्यानं कोरी ठेवली. पुढच्या शुक्रवारी १९.७ आला, तेव्हा मध्ये १९.४ लिहून टाकला. सरकारी सुट्टी होती हे त्याला माहीत होतं. समुद्रालाही सुट्टी असते, हे डोक्यात आलं नाही. सगळं गाव चर्चमध्ये असताना याचे पन्नास बोंबील किनाऱ्यावर मोजून झाले होते. तीन परीक्षकांनी तो तक्ता पाहिला आणि तिघांनीही शाबासकी दिली.

 चार दिवसांनी त्यानं संपादकांना एका ओळीचं पत्र पाठवलं: ‘१३ एप्रिल १९९० ची मोजणी कुणी व कुठे केली, हे लेखकाने कळवावे.’ सर हुशार माणूस. कॅलेंडर बघतील, काय ते समजतील आणि लेख मुकाट्यानं मागे घेतील. दोघांचंही झाकून जाईल. हे त्यानं पंचशीलाला सांगितलं नाही, कारण त्याची त्यालाच लाज वाटत होती.

दीड महिन्यानं सरांचा खुलासा आला. त्यावरचंही नाव काळ्या शाईनं खोडलेलं.

‘त्या दिवशी मी स्वतः चौकला हजर होतो व मोजणी माझ्या हातची आहे. इट इज वर्थ नोटिंग, त्या दिवशी मासळी भरपूर आली होती. माझ्या एका विद्यार्थ्याने हेच आकडे पूर्वी माझ्या परवानगीने वापरले आहेत.’

धम्मपालनं ते दोनदा वाचलं. सदतीस आकडे समुद्राचे होते. कुणीही पट्टी घेऊन बसलं असतं तर तेच आले असते. अख्ख्या तक्त्यात त्याचा स्वतःचा म्हणावा असा आकडा एकच होता.

त्यानं पंचशीलाला समोर बसवून सगळं सांगितलं. पताकांपासून. ती घाबरली, आणि तिनं ते लपवलं नाही.

“आणि तुमचं एम.फिल.?”

“तेही याच पाकिटातून जाईल.”

“नोकरी?”

“बघू.”

 ती उठून आतून पेन घेऊन आली.

तपासणीच्या छापील फॉर्मवर तळाशी ठळक अक्षरात सूचना होती: ‘तपासणाऱ्याने आपले नाव कुठेही लिहू नये.’ धम्मपालनं त्याच्या खालीच लिहिलं: ‘बत्तिसाव्या शुक्रवारी चौकची एकही होडी समुद्रात गेली नव्हती. १९.४ हा आकडा खोटा आहे. तो मी घरी बसून तयार केला.’ आणि त्याखाली पूर्ण नाव लिहून सही केली.