रांगेतलं नाटक

उद्या दहावीचा मराठीचा पेपर, अन् आज करुणाच्या वाट्याला पाण्याची रांग. घागरीमागं घागर लागली होती, पण साखर कारखान्याच्या टँकरचा पत्ता नव्हता. नाटक कसं रंगतं, याचं गाइडमधलं पानभर उत्तर तिनं घोकून पाहिलं. डोक्यात काही शिरेना. शेवटी वैतागून तिनं पुस्तकातलं नाटकच मोठ्यानं वाचायला घेतलं. भावाचा आवाज जाडाभरडा, बहिणीचा रडवेला. रुसून गेलेली बहीण कैक वर्षांनी भावाचं दार ठोठावते, तिथवर येईस्तोवर सगळ्या बाया तिच्याभोवती सरकल्या होत्या.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. करुणानं पुस्तक मिटलं.

"मिटू नकू!" रोज पहिल्या नंबरासाठी भांडणारी भामाबाई कडाडली. "त्यो दार उघडतो का न्हाई, ते सांग आदी! अन् ए डायवर, हॉर्न बंद कर की!"

एकही बाई जागची उठली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात प्रश्न आला: नाटक रंगले, हे कशावरून ओळखावे? करुणाला हसू आवरेना. गाइडचं पानभर उत्तर सोडून तिनं झरझर एकच ओळ लिहिली:

'दुष्काळात टँकर आला, तरी रांग हलत नाही.'