पहिलं घर

दारावरची पितळी पाटी हर्षिदाने आधी पदराने पुसली, मग बेल वाजवली.

"मोटीबेन, आत तरी जाऊ दे! बाहेरूनच सुरू झालीस?" कोकिळा म्हणाली. तिच्या एका हातात बादली होती, दुसऱ्या हातात जळमटं काढायचा बांबू. "आणि तोंड जरा नीट कर. पहिलंच गिऱ्हाईक आहे, बघूनच दार लावून घेईल."

पाटीवर 'किरीट दलवाडी' एवढंच होतं. हर्षिदाने त्यावरून पुन्हा एकदा पदर फिरवला. ती अशीही कमीच बोलायची. घरं साफ करून द्यायचा हा धंदा दोघींनी काढला, तेव्हा बोलायचं काम कोकिळाने घेतलं होतं आणि घासायचं हर्षिदाने.

धंदा चालायलाच हवा होता. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर गावी परत, असं हर्षिदाच्या भावजयीने निघतानाच सांगून ठेवलं होतं. भावाकडे रोटला मिळायचा, नाही असं नाही. पण ताटात पडताना त्याचा आवाज व्हायचा. त्या आवाजाला हर्षिदा विटली होती.

दार उघडलं ते घरच्या बाईने, रिंकलने. वयाने लहान, बोलायला गोड.

"या बेन, या. परवा नोम, पितृपक्षातली नवमी आहे, घर कसं लखलखीत पाहिजे. तुमचे भाई म्हणत होते, घरात बाई आहे ना, मग बाहेरच्या कशाला? मी म्हटलं, तुम्ही फॅक्टरीत जा, घराचं मी बघते."

तुमचे भाई म्हणजे तिचा नवरा. नवऱ्याचं नाव तोंडात आणायचं नसलं की वडोदऱ्याच्या बायका समोरच्या बाईलाच त्याची बहीण करून टाकतात.

काम सुरू झालं. स्वयंपाकघरातल्या पंख्यावर तेलाचा थर होता, तो सोड्याने सुटला. टाइल्सच्या फटी जुन्या ब्रशने झाल्या. हर्षिदा हात चालवत होती. डोकं कुठेतरी लांब होतं, बधिर, थंडीत पाय बधिर होतो तसं.

माळ्यावरून पितळेचा एक हंडा निघाला. त्याच्या काठावर कोरलेलं नाव कुणीतरी कानस लावून घालवलेलं होतं.

"तो पहिलीचा," रिंकल खालून म्हणाली.

"पहिली?" कोकिळाचे कान लगेच टवकारले.

"तुमच्या भाईंची पहिली. ती गेल्यावरच ते या शहरात आले. ताप आला म्हणे, आणि दोन दिवसांत संपलं. तिचा विषय काढला की ते उठूनच जातात. एक फोटो नाही घरात."

हर्षिदाने हंड्याला चिंच लावली. जिथे नाव होतं तिथेच ती बराच वेळ घासत बसली.

"परवा तिचंच श्राद्ध आहे," रिंकल हळू आवाजात म्हणाली. "यंदा पहिल्यांदाच. तुमचे भाई नकोच म्हणत होते, मी हट्टच धरला. दोनदा दिवस राहिले बेन, आणि दोन्ही वेळा गेलं. माझी आई म्हणते, पहिलीचा जीव अडकलाय. तिला जेवू घातल्याशिवाय ती तुला काही देणार नाही." तिने डोळे पुसले आणि उगाच हसली. "सोसायटीतल्या बायकांना बोलावलंय. घर बघतील, विचारतील. मी तुमचंच नाव सांगेन. दिवाळीला तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळायचा नाही."

"सांगा हो!" कोकिळा खूश झाली.

"पण तिच्या नावाने जेवायला बसायला सवाष्णच मिळेना. मामी येणार होत्या, त्यांना सुतक आलं." रिंकलने दोघींकडे पाहिलं. "तुमचे नवरे?"

"माझा देवाघरी गेला, हिचा नोकरीला म्हणून गेला," कोकिळा म्हणाली. "येत दोघंही नाहीत. माझ्याचा निदान भिंतीवर फोटो तरी आहे."

"म्हणजे यांचे जिवंत आहेत ना?"

"आहेत," हर्षिदा म्हणाली.

"मग झालं तर! तुम्हीच बसा बेन. नाही म्हणू नका."

कोकिळाने तिला कोपराने ढोसलं. हर्षिदाने मान हलवली.

नोमेच्या दिवशी बायकांनी हॉल भरला. कुणी खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं, कुणी ओट्याखाली वाकून पाहिलं. "कुणाकडून करून घेतलंस गं?" विचारणं सुरू झालं. कोकिळा दाराशी उभी राहून एकेकीला फोन नंबर सांगत होती, आणि तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

रिंकलने हर्षिदाला पाटावर बसवलं. कपाळावर कुंकू लावलं, खांद्यावर लाल चुनरी घातली आणि वाकून पायांवर डोकं ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते.

"पोटभर जेवा बेन. तुम्ही तृप्त झालात की ती तृप्त. सकाळपासून गच्चीवर घास ठेवलाय, एक कावळा शिवत नाही."

ताटात दूधपाक आला, पुऱ्या आल्या. पलीकडे देवापाशी महाराज मंत्र म्हणत होते. त्यांच्यासमोर किरीटभाई, इकडे पाठ करून. डोक्यावरचे केस मागून विरळ झाले होते.

उठून जावं असं हर्षिदाला वाटलं. पण दाराशी कोकिळा आणखी एकीला नंबर सांगत होती. हर्षिदाने पुरीचा तुकडा मोडून दूधपाकात बुडवला.

"जिच्या नावाने करताय तिचं नाव बोला," महाराज म्हणाले.

हॉलमधल्या बायका तिकडे वळल्या. किरीटभाईंनी घसा खाकरला, हातात पाणी घेतलं.

"हर्षिदा," ते म्हणाले.