चौकोनांचा बाजार

“गेले,” शरदचंद्र म्हणाले आणि त्यांनी माऊस अगदी अलगद खाली ठेवला, जणू आता तोसुद्धा दुसऱ्याचा होता.

पडद्याच्या कोपऱ्यात सकाळी एकोणतीस हजार होते. संध्याकाळी पाच वाजता, बाजार बंद होताना, एकशे चाळीस रुपये उरले. सहा महिन्यांपूर्वी तिथे दोन लाख होते. ते पत्नीचे, शशिकलाबाईंचे. माहेरचं, मनावर गावातलं शेत विकलं तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेले. एफडी मोडायच्या फॉर्मवर त्यांनी एक शब्द न काढता सही केली होती. तेव्हा शरदचंद्रांना वाटलं होतं, छत्तीस वर्षांनी का होईना, हिला आपली किंमत कळली.

शरदचंद्रांनी देवासच्या नोटांच्या छापखान्यात चौतीस वर्षं नोटा तपासल्या. सदोष नोट त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही. असा माणूस निवृत्त झाला की अंगणात पपई लावतो. यांनी डॉलर लावला. मुलाने ऑफिसातून निघालेला जुना संगणक आणून दिला. त्यावर विंडोजला धाप लागत होती, म्हणून सुनेने लिनक्स बसवलं. सून वल्लरी शाळेत संगणक शिकवते. चलनाच्या सौद्यांचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेलं. तिने मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम घालून ते लिनक्सवर चालतं केलं. खातं उघडणं, पैसे भरणं, सगळं तिनेच केलं.

सगळं तयार झालं आणि खातं पहिल्यांदा उघडून बघण्याआधीच शरदचंद्रांना आठवलं की ऑफिसच्या हिंदी पखवाड्याच्या स्पर्धांत आपण सात वेळा पहिले आलो आहोत. परक्या चलनाचा व्यवहार निदान राजभाषेत व्हावा म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरची भाषा हिंदी केली. लिनक्सवर त्याला हिंदी अक्षरं सापडेनात. आकडे तेवढे राहिले. प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन आला.

“अक्षरं टाकून देऊ का बाबा? दोन मिनिटांचं काम आहे,” वल्लरी म्हणाली.

“काही गरज नाही. बाजार आकड्यांवर चालतो. हिरवे चौकोन म्हणजे घ्या, लाल चौकोन म्हणजे विका. यात वाचायचं काय आहे?”

पहिल्याच महिन्यात अकरा हजार वाढले. शरदचंद्रांनी अख्ख्या गल्लीला पोहे-जलेबी खाऊ घातली. मीठा तालाबवर फिरायला येणाऱ्या मंडळींना ते थांबवून सांगू लागले, “भिया, लिनक्स है. इसमें वायरस लगता ही नहीं.” तोटा लागतो का, हे मंडळींनी विचारलं नाही. तोंडात जलेबी होती.

धारहून मेहुणे बापूसाहेब रोज सकाळी बरोबर नऊला फोन करू लागले. त्यांनीही चलनाचं खातं उघडलं होतं.

“दाजी, आज काय?”

“घेतोय.”

“बरं.”

फोन बंद. मेहुण्याने सहा महिने न चुकता सल्ला विचारावा, एवढा मान शरदचंद्रांना लग्नाच्या मांडवातही मिळाला नव्हता.

आता ते उठून स्वयंपाकघरात गेले. शशिकलाबाई भुट्ट्याचा कीस ढवळत होत्या.

“अगं, तुझे दोन लाख गेले.”

“सगळे?”

“एकशे चाळीस आहेत.”

“मीठ बघा जरा,” त्यांनी चमचा पुढे केला.

शरदचंद्रांनी चमचा बाजूला सारला. “पेन्शनमधून महिन्याला पाच हजार देत जाईन. चाळीस महिन्यांत फिटेल. तोवर मी राहिलो तर.”

शशिकलाबाईंनी गॅस बारीक केला. “वल्लरी, टाक गं ती अक्षरं आता.”

दोन मिनिटांचंच काम होतं. एकेक चौकोन बुजला आणि अक्षर उमटलं. सगळ्यात वरची लांबलचक ओळ, जिला शरदचंद्र सहा महिने कंपनीची वेलबुट्टी समजत होते, तीही उमटली: ‘अभ्यास खाता. इसमें असली पैसा नहीं है.’

त्यांनी ती दोनदा वाचली. मग सवयीने मान तिरकी करून तिसऱ्यांदा वाचली.

शशिकलाबाईंनी डाळीच्या डब्याखालून एफडीचा फॉर्म काढून आणला. “सही तुमच्यासमोर केली. बँकेत द्यायचा राहिला.”

“म्हणजे ते पहिल्या महिन्याचे अकरा हजार?”

“तेही खोटे.”

“मी गल्लीला जलेबी वाटली!”

“ती खरी होती.”

वल्लरी तोंडाला पदर लावून हसत होती. शरदचंद्रांनाही हसू फुटलं. आणि मध्येच विझलं.

“बापूसाहेब,” ते म्हणाले.

“त्याचं काय?”

“तो रोज मला विचारून सौदा करतो. त्याचं खातं खरं आहे.”

शशिकलाबाईंच्या हातातला चमचा थांबला. सासू-सुनेने सहा महिन्यांपूर्वी सगळा विचार केला होता. धाकट्या भावाचा केला नव्हता. कीस तळाला लागल्याचा वास आला. कोणी उठलं नाही.

शरदचंद्रांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

“बापूसाहेब, मला माफ करा. मी सौदे आजपासून बंद केले. माझ्या नादी लागून तुमचे किती गेले ते सांगा. अक्काही ऐकतेय.”

शशिकलाबाईंनी डोळे मिटले.

“बंद?” बापूसाहेब अक्षरशः ओरडले. “दाजी, पाया पडतो, असं करू नका! वरच्या मजल्याचा स्लॅब झालाय, फक्त फरशी राहिलीय. अक्का, तू तरी समजाव ना त्यांना! सहा महिने झाले, मी रोज त्यांच्या बरोब्बर उलटं करतोय!”