चार पॉइंट

"ताई, नुसता लायसन्सचा फोटो पाठव ना. पाच मिनिटांचं काम आहे," सिद्धांत म्हणाला.

दुबईच्या करामातल्या त्यांच्या इमारतीमागे सिद्धांतची गाडी उन्हात तापत उभी होती. दुपारी पासिंगला न्यायची म्हणून त्याने डिकीतलं सगळं खाली काढलं होतं. जॅक, चाकाचा पाना, पाण्याच्या बाटल्या. शेजारी बाबांची छोटी गाडी कव्हरखाली झाकलेली. तिच्यावर चार महिन्यांची धूळ बसली होती.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे टायपिंग सेंटरचा तहा. घरातले इन्शुरन्स, दंड, कागदपत्रं, सगळं गेली कित्येक वर्षं तोच करायचा.

"सर, आपका इन्शुरन्स का रेट मस्त आया है. लायसन्स पे एक भी ब्लॅक पॉइंट नहीं, माशाल्ला. इक्कीस सौ दिरहम. बस ये नये चार पॉइंट किसी और के लायसन्स पे डाल दो, खलास. आपके पे डाले तो तीन हजार के ऊपर जाएगा."

"ऐकलंस? वीस-बावीस हजार रुपयांचा फटका उगाच," सिद्धांत मैथिलीला म्हणाला. "तुझ्या नावावर शून्य आहेत. तुला काय फरक पडतो?"

मैथिलीने त्याचा फोन हातात घेऊन दंडाचा मेसेज वाचला. शेख झायेद रोड. पुढच्या गाडीला चिकटून चालवणे, दंड आणि चार ब्लॅक पॉइंट. तारीख नऊ, सकाळी अकरा चाळीस.

नऊ तारखेला ती दोघं जबल अलीच्या स्मशानातून परतत होती. लाल कापडाने बांधलेला बाबांच्या अस्थींचा कलश तिच्या मांडीवर होता. पुढे एक पांढरी पिकअप होती. सिद्धांत तिच्यावर दिवे मारत मारत इतका जवळ गेला, की पिकअपच्या मागच्या काचेवरचा धुळीतला बोटाचा ठसासुद्धा तिला दिसला. हळू, म्हणाली होती ती. फास्ट लेन आहे ताई ही, म्हणाला होता तो. तिने दोन्ही हातांनी कलशाचं तोंड दाबून धरलं होतं. मग वरून कॅमेऱ्याचा पांढरा लखलखाट झाला.

"नऊ तारीख आहे, सिद्धांत."

"असेल. मी बघितलीच नाही."

"मॅडम भी हैं क्या?" तहाचा आवाज मऊ झाला. "मॅडम, शैलेंद्र सर का सुना. बहुत अफसोस हुआ. अच्छे आदमी थे, पर सच बोलूँ, गाडी बहुत रॅश चलाते थे. चार-चार करके छह बार. पूरे चौबीस! लायसन्स बंद हुआ, तभी रुके."

मैथिलीने भावाकडे पाहिलं.

"हाँ," तो म्हणाला. "थोडे रॅश थे."

बाबांनी स्वतःची गाडी जन्मात कधी ऐंशीच्या वर नेली नव्हती. ते सहाही दंड सिद्धांतच्या गाडीचे, बाबांच्या नावावर टाकलेले. लायसन्स गेल्यावर ते ऊद मेथाच्या शाळेत चालत शिकवायला जाऊ लागले. गेल्या महिन्यात तिथल्याच झेब्रा क्रॉसिंगवर त्यांच्यासाठी एक गाडी थांबली होती. तिला चिकटून येणारी दुसरी थांबू शकली नाही. तिने पहिलीला तशीच ढकलत बाबांच्या अंगावर नेलं.

मैथिलीने वाकून पाना उचलला.

पहिल्या घावात सिद्धांतच्या गाडीचा डावा दिवा फुटला. काच तिच्या पायांवर उडाली. दुसरा घाव चुकून पत्र्यावर बसला, तिसऱ्यात उजवा दिवा गेला. सिद्धांत काही ओरडत होता. तिने पाना दोन्ही हातांत धरून समोरच्या काचेवर घातला, पुन्हा घातला, तिसऱ्यांदा घातला. काचेवर पांढरं जाळं पसरलं. तो तिला मागून आवळायला धावला. तिने न बघताच पाना फिरवला. हाडावर लोखंड बसल्याचा आवाज आला.

त्याने तिला जोरात ढकललं. ती तापलेल्या डांबरावर तळव्यांवर पडली आणि उठून उभी राहिली. पाना तिने सोडला नव्हता.

"वेड लागलंय का तुला?" मनगट पोटाशी धरून तो किंचाळला. बोटांवरून रक्त ओघळून बुटांवर पडत होतं. "मारून टाकशील का मला?"

ती धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिली. वरच्या गॅलरीत कोणीतरी बाहेर येऊन परत आत गेलं.

जमिनीवर पडलेला फोन अजून चालूच होता. "हॅलो? सर? ये क्या टूटा? सर, सब ठीक है ना?"

पलीकडून माणसांची कुजबुज ऐकू आली.

"सर, इधर सिस्टिम खुला है, पीछे लाइन लगी है. यल्ला, जल्दी बोलो. पॉइंट किसके नाम पे डालूँ?"

सिद्धांतने मैथिलीकडे पाहिलं. मग कव्हरखालच्या गाडीकडे.

मैथिलीने फोन उचलला. त्याची काच तडकली होती. तिने तो भावाच्या तोंडासमोर धरला.

"सांग."

"ताई..."

"त्याला सांग."

रक्त एकेक थेंब पडत होतं.

"मेरे," सिद्धांत म्हणाला.

"आपके? सर, रेट ऊपर जाएगा. सोच लो."

"मेरे नाम पे डालो."

"ठीक है, जैसी मर्जी." कीबोर्डवर बोटं वाजली. "पूरा नाम बोलो सर. जैसा पासपोर्ट में लिखा है, वैसा ही."

"सिद्धांत," तो म्हणाला. आणि पुढचं बाबांचं नाव त्याच्या तोंडातून निघेना.

तहाने विचारलं,

"आगे, सर?"