दुसरा अर्ज

फिरदवसने वही उघडली, दोन पानं चाळली आणि परत मिटली. अशा एकतीस वह्या होत्या, वर्षाला एक. त्याच्यापुढच्या वाटीतला दुधाचा खारा चहा निवून त्यावर साय धरली होती.

"खाला, अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

"अक्षर राहू दे. आकडे बघ," सवरीबेगिम म्हणाली.

गावाच्या डोक्यावर, हिमनदीच्या पायाशी, पाण्याचं तळं साठलं होतं. बर्फ दरवर्षी किती दिवस आधी वितळू लागलं आणि तळं किती चढलं, ते सगळं वह्यांत होतं. तळं फुटण्याआधी त्याला सांडवा काढायचा होता. त्यासाठी परदेशी निधीकडे अर्ज गेला होता आणि तो तपासायला फिरदवस दुशान्बेहून आला होता.

त्याने समजावून सांगितलं. तळं हवामान बदलल्यामुळेच वाढलं, असा पुरावा पैसे देणाऱ्या देशांना हवा असतो. तीस वर्षांच्या नोंदी चालतात, पण मान्यताप्राप्त केंद्राच्या. सवरीबेगिम नोकरीला होती ते इथलं हवामान केंद्र त्र्याण्णव सालीच बंद झालं होतं आणि तापमापक त्यानंतर कोणी तपासलेला नव्हता.

"मग पगार नसताना तुम्ही लिहीत कशाला राहिलात?"

"पगार थांबला होता. थंडी थांबली नव्हती."

गावप्रमुख कदमशो हसला. फिरदवसही हसला आणि ओशाळला. मग त्याने निधीचा नकाशा पुढे सरकवला. त्यात हे खोरं आणि पलीकडचं कोरडं पठार एकाच चौकोनात पडलं होतं, आणि चौकोनातल्या तापमानाच्या सरासरीत विशेष काही घडत नव्हतं. सरासरी चुकीची नव्हती, हे सवरीबेगिमला कळत होतं. तिने समोरची वही उचलून बाकीच्यांवर ठेवली.

निराश होऊ नका, फिरदवस म्हणाला. आणखी एक अर्ज असतो, नुकसानभरपाईचा. तळं फुटलंच, तर तो करायचा; त्याला जुन्या नोंदी लागत नाहीत. पैसेही तीन महिन्यांत येतात.

तो अर्ज सोबत आणला आहे का, असं कदमशोने विचारलं. फिरदवसने पिशवीतून काढून दिला.

"सही कोणाची लागते?"

"गावप्रमुखाची. पण आत्ता नाही, आका. ते झाल्यावर."

"झाल्यावर मी कुठे सापडणार तुला?"

कदमशोने खिशातलं पेन काढलं आणि सावकाश सही केली. "तारीख तेवढी तू घाल," तो म्हणाला. वरचा एक रकाना रिकामा राहिला होता. मृतांची संख्या. त्याने सवरीबेगिमकडे पाहिलं.

"दोनशे चौदा," ती म्हणाली. "रुख्सोनाचं बाळ धरून."